एडिनबरा बुद्रुक

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, इंडियाना राज्यात, एडिनबरा नावाचं एक गाव आहे. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, भोवताली मका आणि सोयाबीन. नावाचं स्पेलिंग थेट स्कॉटलंडच्या राजधानीचं, उच्चार मात्र गावकरी आपल्या सोयीनं ‘एडिनबर्ग’ असा करतात. आपल्याकडे एका नावाची दोन गावं निघाली की थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणून महसूल खातं मोकळं होतं. त्या न्यायानं इंडियानातलं एडिनबरा खुर्द आणि स्कॉटलंडमधलं बुद्रुक. पण ही वाटणी कुणी मान्य करणार नाही, कारण बुद्रुक म्हटलं की ते गावच झालं, आणि स्कॉटलंडचं एडिनबरा पडलं राजधानी: किल्ला, राजवाडा, संसद, विद्यापीठ, जागतिक वारसा, काय काय. माझा वाद इथंच सुरू होतो. एडिनबरा हे एक निवांत शेतकी गाव आहे. ते डोंगराच्या धारेवर चढून बसलं आणि त्याची घरं दगडी नि उंच आहेत, एवढ्यानं फसायचं कारण नाही.

पाहुणा गावात शिरला की आधी आळ्यांची नावं विचारतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. किल्ल्याच्या पायथ्याशी ग्रासमार्केट आहे. आज तिथं दारूची दुकानं आणि खुर्च्या टाकलेली उपाहारगृहं दिसतात. पण १४७७ पासून तो भरवस्तीतला बाजार, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत तिथं गुरं-घोडे विकले जात. तिथून निघणारा रस्ता काउगेट. इथल्या ‘गेट’चा दरवाजाशी संबंध नाही, जुन्या स्कॉट्स बोलीत गेट म्हणजे वाट. म्हणजे ही सरळसरळ गायवाट. फ्लेशमार्केट क्लोज ही खाटीक आळी, आणि पश्चिमेला जिथं आता आगगाडी आणि ट्राम थांबते ते हेमार्केट म्हणजे वैरणीचा बाजार. यावर कुणीही म्हणेल, की नावांवर काय जातं? मुंबईत चर्चगेटला गेट नाही, धोबीतलावाला तलाव नाही, आणि पुण्याची रविवार पेठ सातही दिवस उघडी असते. आक्षेप रास्त आहे. नाव म्हणजे सातबाऱ्यावरची जुनी नोंद. कब्जा कुणाचा, ते जागेवर जाऊनच बघावं लागतं.

शेतकी गावाची खरी खूण म्हणजे उकिरडा, आणि त्या बाबतीत एडिनबराचा हात धरणारी राजधानी सापडणं कठीण. तटाच्या आत जागा थोडी, म्हणून जुन्या गावातली घरं वर वर चढत गेली. काही तर आठ-दहा मजल्यांची. संडास नव्हते. रात्री दहाच्या सुमारास खिडकी उघडायची, ‘गार्डीलू’ अशी आरोळी ठोकायची (मूळ फ्रेंच, अर्थ ‘पाणी येतंय, सांभाळा’) आणि दिवसभराची घाण खाली रस्त्यावर ओतायची. प्रवासवर्णन लिहिणारे इथं नाकाला रुमाल लावून पुढे सटकतात. शेतकरी मात्र थांबतो, कारण त्याला पुढचा प्रश्न पडतो: त्या मालाचं झालं काय? तो विकला जाई. रस्त्यावरचा केर, लीद आणि सोनखत आसपासच्या शेतकऱ्यांना विकून नगरपालिका पैसे करी. जे विकण्याआधी वाहून जाई ते ‘फाउल बर्न’ नावाच्या ओढ्यातून, म्हणजे नावानिशी घाणेरड्या ओढ्यातून, शहराच्या पूर्वेकडच्या क्रेगेंटिनीला पोचे. तिथं पाट काढून ते पाणी कुरणांवर सोडत. एरवी रेताड असलेल्या त्या जमिनीत वर्षाला चार-चार, पाच-पाच कापण्या गवत निघे आणि कुरणांचा खंड ऐकून भल्या भल्या जमीनदारांचे डोळे फिरत. ते गवत जाई शहरातल्या गोठ्यांत बांधलेल्या दुभत्या गाईंना, गाईंचं दूध जाई शहराला, आणि शहर पुन्हा ओढ्याला. इतका बिनखर्चाचा कारभार राळेगणलाही जमला नसता. एडविन चॅडविकनं १८४२ च्या आपल्या प्रसिद्ध आरोग्य अहवालात शहरी मैल्याची किंमत पटवायला याच कुरणांचा दाखला दिला. होलिरूडचा राजवाडा या कुरणांपासून फार लांब नाही. वारा फिरला की वास राजवाड्यात जाई, तक्रारी होत, आणि कुरणं पुढेही कित्येक दशकं पिकत राहत. राजा आणि वैरण यांच्यात वैरणीची बाजू वरचढ ठरते ते गाव, एवढी व्याख्या मला पुरे आहे. राजवाड्याच्या अंगाला २५१ मीटर उंचीची आर्थर्स सीट ही टेकडी आहे आणि तिच्याभोवतीचं राजाचं उद्यान. त्यात १९७० च्या दशकापर्यंत मेंढ्या चरत होत्या.

आता संसदेचा मुद्दा. गावाला संसद कशी असेल? तर होलिरूडला २००४ मध्ये उघडलेल्या स्कॉटिश संसदेच्या आवारात क्वीन्सबेरी हाउस नावाचा एक जुना वाडा सामावून घेतला आहे. याच वाड्याच्या आवारात १८२२ मध्ये हायलँड सोसायटीनं आपलं पहिलं गुरांचं प्रदर्शन भरवलं होतं. सोसायटी १७८४ ची. म्हणजे आज आमदार बसतात त्याच्या शेजारी सव्वाशे-दीडशे नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी बैल बांधले होते, आणि बैल आधी आले होते. (दोन्ही प्रसंगी बक्षीस वजनावर ठरलं की चालीवर, या चौकशीत आपण पडू नये.) प्रदर्शन पुढे गावोगाव फिरलं आणि १९६० पासून विमानतळाला खेटून इंगलिस्टन इथं कायमचं बसलं. दर जूनमध्ये चार दिवस तिथं मेंढ्या कातरण्याच्या स्पर्धा लागतात आणि देशभरातले शेतकरी ट्रॅक्टरची चाकं पायानं दाबून बघतात. परदेशी पाहुण्याला विमानतळावरून ट्राममध्ये बसवून गावात आणताना वाटेत शेतं दाखवणारी राजधानी एरवी जरा लाजली असती. इथं कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

सर्वांत भारी आक्षेप बुद्धीचा. अठराव्या शतकातलं स्कॉटिश प्रबोधन, तत्त्वज्ञ ह्यूम, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ, हे सगळं काय बांधावर उगवलं? हो, बरंचसं. आधुनिक भूशास्त्राचा जनक मानला जाणारा जेम्स हटन वैद्यक शिकून परत आला आणि बर्विकशरमधल्या वडिलोपार्जित जमिनीवर शेती करत बसला, तेही थोडीथोडकी नव्हे, बारा-चौदा वर्षं. पावसात माती वाहून जाते हे आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. तो कपाळाला हात लावतो आणि बांध घालतो. हटनला पडलेली शंका वेगळी: माती सतत वाहून जाते तर एव्हाना संपली का नाही? नवी येते कुठून? या शंकेतून १७८५ मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे पृथ्वीच्या वयाबद्दलचा तो सिद्धांत आला, आणि बायबलाच्या हिशेबातली सहा हजार वर्षं अपुरी पडली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट बर्न्स एडिनबरात आला तेव्हा दिवाणखान्यांनी त्याला डोक्यावर घेतलं ते ‘नांगरट्या कवी’ म्हणून. दुसऱ्या राजधानीत हे विशेषण त्यानं लपवलं असतं. १७९० मध्ये विद्यापीठानं शेतीचं स्वतंत्र अध्यासन काढलं, ब्रिटनमधलं पहिलं. १८२३ मध्ये विल्यम डिक यानं गुरांच्या डॉक्टरांची शाळा सुरू केली, ती आज विद्यापीठाचाच भाग आहे. आणि विसाव्या शतकात या परिसरानं जगाला दिलेली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती कोण? शहराच्या दक्षिणेला रॉस्लिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली. ती मेंढी होती. आता ती पेंढा भरून राष्ट्रीय संग्रहालयात उभी आहे.

बँकांच्या आक्षेपाचं उत्तर लवकर आटोपतं. बँक ऑफ स्कॉटलंड १६९५ ची, रॉयल बँक १७२७ ची, आणि रॉयल बँकेनं १७२८ मध्ये एका व्यापाऱ्याला खात्यात शिल्लक असेल त्याहून जास्त उचलायची मुभा देऊन ओव्हरड्राफ्टचा शोध लावला, असं बँकिंगचा इतिहास अभिमानानं सांगतो. पण ॲडम स्मिथनं अशा कर्जाची अट नोंदवून ठेवली आहे: दोन जामीन हवेत, पत असलेले आणि चांगली जमीन असलेले. आपल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाला हा शोध वाचून गहिवरून येईल. लोकसंख्येचा आक्षेप तर काढूच नये. २०२२ च्या जनगणनेत एडिनबरा सव्वापाच लाखांच्याही खाली होतं. कोल्हापूर २०११ मध्येच साडेपाच लाखांच्या घरात होतं, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढणाऱ्या कोल्हापुरानं आपल्याला गाव म्हणवून घेण्यात कधी कमीपणा मानला नाही. राहिली तोफ. दुपारी एकला, रविवार सोडून, ती किल्ल्यावरून उडते. १८६१ मध्ये ती बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू झाली; आज जहाजांना तिची गरज नाही. पाहुणे दचकतात, गावकरी मनगटाकडे बघतात. आपल्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा भोंगा नेमकं हेच काम करतो, दारूगोळ्याचा खर्च न करता.

एका ठिकाणी मात्र माझी गाडी अडते, ते लपवत नाही. ऑगस्टमधला कलामहोत्सव ही जत्राच आहे, यात शंका नको: १९४७ मध्ये पहिला महोत्सव भरला तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसतानाच येऊन थडकल्या आणि मिळेल तिथं फड लावून बसल्या, त्यातून फ्रिंज ही समांतर जत्रा निघाली. कुठल्याही यात्रेत तमाशाचे फड याहून वेगळे येत नाहीत. पण जत्रेला गावकरी मुंबईहून, सुरतेहून गावाकडे धावतात. एडिनबराचे बरेच गावकरी ऑगस्टात घर चढ्या भाड्यानं पाहुण्यांना देतात आणि स्वतः गाव सोडून जातात. ही चाल शहरी, अगदी पक्की शहरी. गॉर्गी भागात मुलांना गाय-डुक्कर दाखवायला एक धर्मादाय शेत चालवलं जाई, तेही माझ्या विरोधातच जातं, कारण गावातल्या मुलांना डुक्कर तिकीट लावल्यासारखं दाखवावं लागत नाही. ते शेत २०२३ च्या सुरुवातीला बंद पडलं. हा पुरावा आपल्या बाजूनं फिरवायचा मोह होतो, पण ते पैशाअभावी बंद झालं आणि लोक हळहळले, एवढंच खरं. पण शहराच्या दक्षिण वेशीवर पेंटलंड टेकड्यांच्या कुशीत स्वॉन्स्टन नावाची वस्ती आहे: पांढऱ्या भिंती, गवती छपरं, कुरणात डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँड गाई. कादंबरीकार स्टीव्हन्सनच्या घरच्यांनी १८६७ ते १८८० तिथं हवापालटासाठी घर घेतलं होतं. निदान या गाई तरी माझ्या बाजूनं आहेत.

जाणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. विमानतळाच्या थांब्यावर ट्रामचं तिकीट महाग आहे. पुढचाच थांबा इंगलिस्टन, पंधरा-वीस मिनिटांची चाल. तिथून शहराच्या हद्दीचं साधं तिकीट लागतं आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. सामान हलकं ठेवा, आणि वेशीपर्यंत पायीच जा.