एकशे नव्वदची परवानगी

भिलाईत यंत्राबद्दल मत नसलेला माणूस हवा असेल तर तो बाहेरगावाहून मागवावा लागतो. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि तेव्हापासून इथे घरटी एक तरी माणूस असा निपजतो की ज्याला भिंतीवरचा खिळासुद्धा तिरपा दिसतो. त्यातून आमचं भिलाई-3. एका अंगाला पोलाद कारखाना, दुसऱ्या अंगाला चरोद्याचं रेल्वे यार्ड आणि मधून रायपूर-दुर्ग जी. ई. रोड. पोलादवाले, रेल्वेवाले आणि ट्रकवाले हे तिन्ही पंथ एकाच टपरीवर चहा पितात. माझ्या स्पोर्ट्स कारला टायर घ्यायचेत ही बातमी या टपरीवर माझ्याआधी पोचली होती.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. हे नाव ऐकून आपण गोंधळला असाल तर त्यात आपला दोष नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने ही दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची गाडी काढली. आत रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद साठेक अश्वशक्ती. रस्त्यावर ती फार कमी दिसली, आणि ज्यांना दिसली त्यातल्या बहुतेकांना ती परदेशी वाटली. माझी मी नागपूरहून आणली. दारात उभी केली तेव्हा बायको (माहेर महाल, नागपूर) तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "काहून आणली बाप्पा ही? पोरं कुठे बसतीन?" पोरं आता पुण्यात नोकरी करतात, आणि आली तरी ट्रेनने येतात, हे मी तिला सांगितलं. "मग भाजी कुठे ठेवसान?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टायरची नक्षी अजून उत्तम होती. कायद्याप्रमाणे गाडीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी. तेवढं झिजलं की खाचेच्या तळातले बारीक उंचवटे वर येऊन रबराशी एकसपाट होतात. माझ्या टायरचे उंचवटे अजून खोल, निवांत झोपलेले होते. पण झिजणं वेगळं आणि म्हातारं होणं वेगळं. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर रस्त्यावर संपत नाहीत, शेडमध्ये संपतात. ऊन, हवेतला ओझोन आणि आमचा मे महिना मिळून रबर कडक करतात. मग नक्षी शाबूत, पकड गायब.

टायरचं वय बाजूवरच्या शिक्क्यातच लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2000 च्या आधी तीनच आकडे असत, त्यामुळे दशक कुठलं हे माणसाने आपल्या आठवणीवर ठरवायचं. अडचण अशी की हा पूर्ण शिक्का टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, आणि माझ्या चारही टायरांनी तो आतल्या बाजूला लपवला होता. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीला लागलेलं. तिच्याखाली पाठीवर सरकत, मोबाईलचा टॉर्च दातात धरून मी वाचलं: 3811. म्हणजे 2011 च्या सप्टेंबरातला माल. शिक्क्याच्या शेजारी केसाएवढ्या बारीक भेगांची रांग रिमपर्यंत गेलेली. नख लावलं तर रबर दबेना. बाहेर आलो तेव्हा सहा-सात जण उभे होते. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. त्याला वाटलं, अपघात झाला.

गर्दीत चरोद्याच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका होते. त्यांचा रबरावर पहिल्यापासून विश्वास नाही.

"आमच्या इंजिनांना पोलादी टायर असायचे," ते म्हणाले. "तापवायचा, फुगला की चाकावर चढवायचा, गार झाला की असा आवळतो! पंक्चर नाही, बॅलन्सिंग नाही."

"बैलगाडीची धाव बसवतात तसंच ना, काका?"

"तसंच. फक्त बैल दोन हजार अश्वशक्तीचा."

"आणि पावसात चाक घसरलं तर?"

"वाळू सोडायची. इंजिनात वाळूची पेटी असते, चाकापुढे रुळावर वाळू पडते. तुझ्या गाडीत आहे का पेटी?"

माझ्या गाडीत भाजीला जागा नाही.

ट्रकवाल्या पंथाने रिमोल्डचा आग्रह धरला. ट्रकच्या टायरचा सांगाडा मुळातच दोन-तीन जन्म काढायला बांधलेला असतो, त्यावर नवी नक्षी चढवणं हा शहाणा व्यवहार आहे. पण बारा-चौदा वर्षांच्या तडकलेल्या लहान टायरवर नवी नक्षी म्हणजे निव्वळ मेकअप. हे मी बोललो नाही. टपरीवर अजून रोज चहा प्यायचा आहे.

शेवटी भिलाईतल्याच पॉवर हाऊस भागातल्या एका दुकानात गेलो. जाताना मनात शर्यतीचे रुंद, मऊ, चिकट टायर होते. मऊ रबर रस्त्याला चिकटतं आणि लवकर झिजतं. घट्ट रबर टिकतं आणि वळणावर सोडून देतं. या दोहोंत कुठे बसायचं, हीच टायर निवडण्यातली खरी मजा, असं मी वर्षानुवर्षं वाचत आलो. दुकानदाराने माझ्या टायरवरचा आकडा पाहिला: 165/65 आर 13. आधीच्या मालकाने चढवलेलं माप.

"अरे साहब," तो खुलून म्हणाला, "ये तो इंडिका का साइज है!"

दुकानात उभे असलेले दोन टॅक्सीवाले माझ्याकडे बंधुभावाने पाहू लागले.

तेरा इंचाच्या रिमचे दिवस सरत आलेत. नव्या गाड्या चौदा, पंधरा, सोळावर गेल्या. तेराच्या मापात आता टॅक्सीला परवडेल असा, दणकट, समजूतदार टायर तेवढा मिळतो. शर्यतीचा सहसा मिळत नाही. इंडिकाच्या मापाचा एकच शिल्लक होता, बाकीचे मागवावे लागणार होते. "155/80 ले जाओ ना," दुकानदार म्हणाला. "ऊँचा है, गड्ढे में मस्त चलेगा."

इथे मला मोह झाला हे खरं. हिशेब सोपा आहे. पहिला आकडा रुंदीचा, रेषेनंतरचा टक्क्याचा; रुंदीचे तेवढे टक्के काढायचे, दुप्पट करायचे, त्यात रिमचे मिलिमीटर मिळवायचे. माझ्या टायरचा व्यास आला 545, त्याच्या टायरचा 578. म्हणजे गाडी सतरा मिलिमीटर उचलली जाणार. आमच्या गल्लीतले गतिरोधक लोकवर्गणीतून, उत्साहाच्या भरात बांधलेले आहेत. त्यांच्यावरून जाताना सतरा मिलिमीटर म्हणजे चैन. पण मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा पन्नास दाखवणार आणि गाडी त्रेपन्नवर. तेही चाललं असतं. नवा टायर वळणावर चाकाच्या कमानीला घासला असता, ते चाललं नसतं. 155/70 चा व्यास मात्र 547 येतो, फरक अडीच मिलिमीटरचा. तो अगदी निरुपाय झाला तर. मी इंडिकाचेच मागवले.

टायर आल्यावर बाजूवर वाचलं: 77 टी. 77 म्हणजे प्रत्येक टायर 412 किलो पेलणार. चार मिळून सोळाशे अठ्ठेचाळीस, आणि सीट दोन. टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतची परवानगी. ही अक्षरंही गमतीची: एस 180, टी 190, यू 200, आणि मग व्हीच्या आधी तत्काळ कोट्यातून आल्यासारखा एच मध्येच घुसतो, 210. आमच्या जी. ई. रोडवर पोलादाच्या गुंडाळ्या नेणारे ट्रेलर, त्यांच्या सावलीत बसलेल्या गाई आणि उलट्या बाजूने येणाऱ्या पायडल रिक्षा. तिथे चाळीसला पोचलो तरी मला आनंद होतो. टायरला मात्र एकशे नव्वदची परवानगी आहे, ती वापरायची की नाही हे त्याने माझ्यावर सोडलंय.

बायको म्हणाली, "दोनच घ्या ना, पुढचे." दोनच घ्यायचे तर नवे मागे बसवावेत असं टायरवाले सांगतात, कारण पुढचं चाक घसरलं तर ते स्टिअरिंगला कळतं, मागचं घसरलं की गाडी स्वतःच वळून तुमच्याकडे बघते. हे मी तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "मग चारच घ्या, पण मला हे परत सांगू नका."

चार चढले. बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरताना एकाला पाऊण मूठ शिसं लागलं. ते चिकटवणाऱ्या पोराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग अलाइनमेंट. त्याने चाकांना आरसे अडकवले, पडद्यावर कंपन्यांची यादी उघडली आणि विचारलं, "कौन सी गाड़ी है, अंकल?"

"सॅन स्टॉर्म."

तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. एस अक्षराखाली स्कोडा होती, सुझुकी होती. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं, तिच्या उघड्या टपाकडे, मग माझ्याकडे. टाय रॉड फिरवून चाकं जुन्या खुणांवर आणली, आणि टाटाच्या यादीत बोट ठेवून बटण दाबलं. पडदा हिरवा झाला.

"ओके है," तो म्हणाला, आणि बिलावर गाडीच्या रकान्यात लिहिलं: इंडिका, छत गायब.