मंत्र्यांच्या हातात न मावणारं गवत

2026 हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. म्हणजे फलक आले, हारतुरे आले, आणि समारंभ म्हटला की वृक्षारोपण आलंच. माळाचा सत्कार माळावर खड्डे खणून करायचा, ही आपल्याकडची रीत.

महाराष्ट्रात 2016 साली 2 कोटी झाडांचा संकल्प सुटला. 2019 पर्यंत तो 33 कोटींवर पोहोचला. एवढी रोपं लावायची कुठे? शेतात शेतकरी उभा, जंगलात आधीच झाडं. उरला माळ. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, हा इंग्रजी अमलातला हिशेब. साहेब गेला, हिशेब राहिला. मग सलग समतल चर, मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारीची झाडं, तारेचं कुंपण आणि ‘चराईबंदी’ची पाटी.

मेंढ्यांनी माळ ओरबाडला, हे खोटं नाही. पवना, मारवेल ही चवीची गवतं मेंढी आधी वेचते. बी धरायच्या आत ती संपली की मागे कुसळी माजते, आणि तिची कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातड्यात घुसतात. पण निम्मा माळ तारेआड गेल्यावर धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकटचा तळ, उरलेल्या निम्म्यावरच बसणार. त्याला अतिचराई म्हणतात. तार ओढणाऱ्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.

उपाय फारच कंटाळवाणा आहे. पवन्याचं बी शेणमातीच्या गोळ्यांत घालून पावसाच्या तोंडावर टाकायचं. ताजं बी रुसतं, वर्षभर ठेवलेलं बरं उगवतं. मारवेलचे ठोंब लावायचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे वाणही दिले आहेत. बी झडेपर्यंत तो तुकडा राखायचा, मग चारायचा, आणि पुढच्या साली दुसरा राखायचा. यात कोनशिला कुठे बसवणार? ठोंब हातात धरलेले मंत्री छायाचित्रात गवत उपटायला आल्यासारखे दिसतात. म्हणून चारा विकासाच्या यादीत स्टायलो शिरतो. तो मूळचा कॅरिबियन बेटांकडचा, पण निदान पाकिटात तरी मिळतो.

भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क वनहक्क कायद्याने 2006 मध्येच मान्य केला आहे. तेव्हा निमंत्रणपत्रिका छापायला टाकण्याआधी साहेबांनी एखाद्या वाड्यावर जावं आणि यंदा कोणता तुकडा राखायचा, एवढं विचारावं. रोपं नेऊन शहरातल्या रस्त्यांच्या कडेला लावावीत. तिथली झाडं नुकतीच तोडून झाली आहेत.