फिट आहे, घेऊन जा

यवतमाळच्या माणसाचं मन सरकारला फार कळतं. तो मेल्यावर.

कर्जबाजारी शेतकऱ्याने जीव दिला की फाइल तहसीलपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत फिरते. सातबारा बघतात, बँकेचं कर्ज बघतात, वसुलीचा तगादा होता का ते विचारतात. मग आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. लाखभर रुपयांसाठी एवढी छाननी!

आणि खुनाच्या आरोपीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायचं असेल तर?

पुष्कळदा एक ओळ पुरते. 'फिट आहे.' सही, शिक्का, जावक क्रमांक.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा नवा आला. कलम 328 चं 367 झालं. वाट मात्र जुनीच. आरोपी मनोरुग्ण वाटला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला आधी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवायचं. ते हाडांचे असोत, भुलीचे असोत की बाळंतपणाचे. त्यांना वेड दिसलं, तर मग मानसोपचारतज्ज्ञ.

आणि त्यांना दिसलंच नाही तर?

अहवाल पटला नाही तर वैद्यकीय मंडळाकडे अपील आहे. मंडळावर जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मानसोपचार प्रमुख आणि जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक. यवतमाळात ही दोन्ही 'जवळची' ठिकाणं वसंतराव नाईक महाविद्यालयाच्या एकाच आवारात. अपील जरूर करा, फार चालावं लागणार नाही.

नीट निरीक्षण हवं असेल तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. दीडशे किलोमीटर. पुसदहून त्याहून लांब. पोलीस गार्ड मिळाला तर. नाही मिळाला तर पुढची तारीख.

ढोंगी असतात, मान्य. पकडल्यावर एकाएकी भिंतीशी बोलायला लागणारे आपण सगळ्यांनीच ऐकलेत. पण ढोंग ओळखायला माणूस दिवसरात्र वॉर्डात नजरेखाली ठेवावा लागतो. ओपीडीच्या रांगेत 'नाव काय, वार कोणता' एवढं विचारून ढोंगीही सुटतो आणि खरा आजारीही अडकतो.

खरी गंमत पुढे आहे. आरोपी आज खटला समजू शकतो का, हा एक प्रश्न. गुन्ह्याच्या रात्री आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, हा दुसरा. तुरुंगात सहा महिने गोळ्या खाऊन तो स्वतःचं नाव बरोबर सांगतो. झालं, म्हणजे त्या रात्रीही शुद्धीवरच असणार!

सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच बजावलंय : आरोपीला मानसिक आजाराचा इतिहास असेल तर तपास अधिकाऱ्याने त्याची तपासणी करून पुरावा न्यायालयापुढे ठेवायचा. आपले तपास अधिकारी 'मेडिकल' करतातच की. रक्त, नखं, अंगावरच्या जखमा, दारूचा वास.

मानेपासून खाली सगळं तपासून होतं.

महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाने 1994 मध्ये बायकोला दगडाने ठेचून मारलं. त्यानंतर जून ते डिसेंबरात त्याला 25 वेळा उपचारांसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. पंचवीस! तरी सत्र न्यायालयाने दोषी धरलं, उच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्याला स्किझोफ्रेनिया होता हे ध्यानात घेऊन त्याची सुटका करायला 2002 साल आणि दिल्ली लागली. दिल्लीपर्यंत वकील करण्याची ऐपत पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या किती आरोपींची असते?

बरं, आजार मान्य झाला तरी पुढे काय? आसामात मचांग लालुंग नावाचा माणूस 1951 मध्ये पकडला गेला. मनोरुग्ण म्हणून ठेवला. डॉक्टरांनी बरा झाल्याचं 1967 मध्ये कळवलं. सुटला 2005 मध्ये.

आता कायदा दयाळू झालाय. खटला चालवण्याजोगी मनःस्थिती नसेल तर जामीन देता येतो. रुग्णालयात भरती ठेवण्याची गरज नसेल, तर अट एवढीच की नातेवाइकाने किंवा मित्राने हमी द्यायची : उपचार करू, आणि हा स्वतःला किंवा कुणाला इजा करणार नाही हे बघू.

अशा खटल्यांत जीव कुणाचा गेलेला असतो? पुष्कळदा बायकोचा, आईचा, भावाचा. आता उरलेल्यांनी तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायचा आणि हमी द्यायची.