नव्याने भूत झालेल्यांसाठी

दहाव्याला कावळा शिवला नाही. पिंडाभोवती मंडळी ताटकळली, कोणीतरी हात जोडून 'नातीच्या लग्नाचं आम्ही बघतो' असं कबूल केलं, तरी कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून काम उरकलं आणि सगळे जेवायला गेले. असं झालं असेल तर तुमची भरती झाली असं धरून चाला. घाबरू नका, घाबरण्याचं काम आता दुसऱ्यांचं.

आधी पद समजून घ्या. ते मागून मिळत नाही आणि शिक्षणावरही ठरत नाही. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेलात तर मुंजा. पाण्यात गेलात तर गिऱ्हा. वाटसरूला रात्रभर त्याच शेताभोवती फिरवायचं काम चकव्याकडे, त्याला बाकी काही येत नाही. ब्राह्मण असून वासना राहिली असेल तर ब्रह्मसमंध, मुसलमान असाल तर खवीस. जी जात नाही ती जात म्हणतात. इथे जीव जाऊनही ती गेलेली नाही. बायकांची पदं तर दोनच प्रश्नांवर ठरतात: नवरा होता का, आणि बाळंतपण झालं का? नवरा असताना गेलेली जखीण, बाळंतपणात गेलेली अळवंतीण. स्वतःच्या कर्तृत्वावर हडळ झालेली बाई माझ्या तरी ऐकिवात नाही. समर्थांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीतही समंधाला नावाने मान आहे, मुंजा-चकव्यांची बोळवण वगैरेत. वरिष्ठतेचा वाद तिथेच मिटला.

राहण्याची सोय आता पूर्वीसारखी नाही. पिंपळ मिळाला तर मुंज्याने लगेच ताबा घ्यावा, कारण यादी लांब आणि झाडं थोडी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ गेले, पण मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना. विहिरीवर हक्क सांगायला जाल तर तिथे साती आसरा आधीपासून आहेत, त्यांची ओटी भरली जाते, त्यांच्या वाटेला जाऊ नका. उरले पडके वाडे, त्यांवर बिल्डरांची नजर. पुण्यात वेताळ टेकडी आहे, पण तिथे पहाटेपासून चालणाऱ्यांची इतकी गर्दी की भुताला दम लागावा.

पगार नाही. भत्ता हवा असेल तर गोव्याकडे किंवा सिंधुदुर्गात देवचाराच्या हाताखाली लागा. तो गावची शीव राखतो, त्याबद्दल विडी, दारू, रोट, घोंगडी असं काहीबाही पोचतं. वेताळाचा थाट त्याहून मोठा. गोव्यात आमोण्यासारख्या गावी त्याची देवळं आहेत, त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात असं गावकरी सांगतात. हाच वेताळ अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त राजाच्या खांद्यावर बसून पंचवीस गोष्टी सांगतो. आणि 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समध्ये लोक त्याच्या नावाने जांभळी चड्डी-बंडी घातलेल्या एका अमेरिकन पात्राला ओळखू लागले. तो ली फॉकचा फँटम, 1936 सालचा. त्याला गावकऱ्यांनी वहाणा वाहिल्याचं ऐकिवात नाही. मुलांनी रद्दीवाल्याकडे खेटे घालून बऱ्याच झिजवल्या.

आता मुख्य धडा. दिसू नका.

नवशिक्यांचा सगळा उत्साह दिसण्यात जातो. उलटी पावलं, पांढरी साडी, मोकळे केस. हे करून पाच मिनिटं भागतं. त्यापेक्षा 1949 चा 'महल' बसून पाहा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, दिग्दर्शक कमाल अमरोही. नायक जुन्या महालात येतो आणि एका बाईचा आवाज ऐकू येतो. बाई कुठे आहे ते कळत नाही, आवाज मात्र जवळ येत राहतो. तो जवळ यावा म्हणून लताबाई ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात एकेक पाऊल पुढे आल्या, अशी हकीकत सांगितली जाते. सगळी भीती त्या काही पावलांत आहे. बुबुळं फिरवलेली नाहीत, धूर सोडलेला नाही. सिनेमात पुढे उलगडा होतो की भूत वगैरे काही नव्हतं, ती माळ्याची मुलगी होती. पडद्यावरचं भूत असं खोटं निघालं. खरं निघालं ते तबकडीवरचं. तबकडीवर गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोक गाणं ऐकत आणि ही कामिनी कोण म्हणून रेडिओकडे विचारणा करत. वीस वर्षांची खरी गायिका तेव्हा याच मुंबईत चालतीबोलती होती, आणि अख्खा देश तिचा आवाज ऐकून तिला शोधत होता. एवढं ज्याला जमलं त्याला पिंपळाची गरज नाही.

उलट उदाहरणं हवी तेवढी. झी मराठीवर 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. आकेरीचा वाडा, माडांची सळसळ, आणि गोष्टच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू. बायका स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात एकट्या जाईनात. मग 2019 च्या दुसऱ्या पर्वात अण्णा जिवंतपणीच समोर आले, शेवंता आली, आणि महाराष्ट्र दोघांच्या चक्क प्रेमात पडला. वाड्यासमोर लोक फोटो काढून घेऊ लागले. भुताची याहून वाईट गत नाही. 2024 च्या 'मुंज्या'त आपल्याच सहकाऱ्याला संगणकाने इतका बारकाईने दाखवला की लोक पोट धरून हसले. गल्ला शंभर कोटींपलीकडे गेला, त्यातली दमडी पिंपळावर पोचलेली नाही. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूचं मात्र मी समर्थन करीन. ती शब्दभ्रमकार रामदास पाध्यांची बाहुली होती, सगळी डोळ्यांदेखत होती, तरी 1993 नंतर कित्येक घरांत मुलींच्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडल्या जात. अपवाद म्हणून शिका, नक्कल करू नका.

कायद्याचं थोडक्यात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तुमच्यावर कलम नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणारा मांत्रिक आत जातो. तेव्हा एखाद्या बाईच्या अंगात शिरण्याआधी शेजारी मांत्रिक आहे का बघा. मार तुम्हाला लागत नाही, त्या बाईला लागतो.

घरातच राहायचं असेल तर एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तल्या तात्याजींकडे बघा. पडदा उघडण्याआधीच गेलेले, तरी त्यांच्या दिवसांच्या खर्चावरून अख्खं देशपांडे कुटुंब आतून पोखरून निघतं. खुर्ची हलवली नाही, दार आपटलं नाही. खर्च मागे ठेवला.

पण या खात्यात सर्वांत वरचं पद ज्यांना द्यावं ते मेलेलेही नाहीत. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधले प्राध्यापक दामले. 1967 पासून त्या नाटकाचे प्रयोग होतायत, ते भाषांतरित होऊन गावोगाव गेलं, सत्यदेव दुबेंनी त्याचा सिनेमाही केला. दामले रंगमंचावर आलेले नाहीत. नाटकमंडळातले सगळे खेळ म्हणून खटला मांडतात आणि बघता बघता लीला बेणारेचं खासगी आयुष्य सोलून काढतात. तिला दिवस गेलेत ते या दामल्यांपासून. ते विवाहित, पोराबाळांचे, विद्वान. शिक्षा होते तिला. तिची नोकरी जाणार आणि पोटातला गर्भही नष्ट करावा, असा निकाल न्यायाधीश बनलेल्या काशीकरांचं कोर्ट देतं. दामल्यांना साधं समन्सही नाही. कोणी मिरच्या ओवाळल्या नाहीत, लिंबू उतरवलं नाही, चौकात उतारा ठेवला नाही. नाटक बघून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव माहीत असतं, चेहरा कोणालाच नाही.

त्यांच्या हाताखाली उमेदवारी करायची असेल तर अर्ज पाठवू नका. अर्जावर सही करावी लागते, आणि सही करणारा माणूस ते ठेवत नाहीत.