किंचित डावीकडे

मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची जी व्याख्या आहे, ती मला सरकारी गद्यातल्या सर्वांत हळव्या वाक्यांपैकी एक वाटते. 1988 च्या या कायद्याचं दुसरं कलम सांगतं की मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन, आणि तिला जोडलेली, काढता येणारी, जादा चाक असलेली साइडकारही त्यातच धरायची. डोळ्यांना तीन चाकं दिसतात, कायद्याला दोन. इतक्या मायेने केलेली डोळेझाक अन्य कुठल्या कलमात मला आढळलेली नाही. याच कायद्याच्या 129 व्या कलमात पूर्वी साइडकारमध्ये बसलेल्याला हेल्मेटमधून सूटही होती. जणू तो माणूस प्रवास करतच नव्हता, ओसरीवर बसला होता आणि ओसरीच गावभर फिरत होती. 2019 च्या दुरुस्तीने ही सूट गेली, आणि ओसरीवरच्या माणसांनाही शिरस्त्राण आलं.

अशी एक गाडी माझ्याकडे आहे. बुलेट 350, बिडाच्या इंजिनाच्या काळातली, जिचा गिअर उजव्या पायाशी असतो आणि ब्रेक डाव्या. तिच्या डाव्या अंगाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा ठोकून घडवलेला, नाकाशी निमुळता होत गेलेला डबा. गरज म्हणून अशी गाडी हल्ली कुणी बाळगत नाही. मोटारसायकलची सगळी चपळाई घालवायची आणि मोटारीचं छप्पर मात्र घ्यायचं नाही, असा हा सौदा आहे. दोन ट्रकांमधून निसटता येत नाही, पाऊस चुकवता येत नाही, आणि दुचाकींच्या रांगेत लावायला गेलं तर रखवालदार कायदा वाचलेला नसल्यामुळे चारचाकींकडे बोट दाखवतो. सिग्नलला शेजारचा हमखास विचारतो, ‘कितीला बसली?’ आणि लगेच, ‘किती देते?’ दोन्ही उत्तरं ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटते, ती मी आता आशीर्वाद म्हणून स्वीकारतो.

या वाहनाचा जन्मच मुळी थट्टेत झाला असं सांगतात. 1903 च्या जानेवारीत इंग्लंडातल्या ‘मोटर सायकलिंग’ या पत्रात जॉर्ज मूर नावाच्या चित्रकाराचं एक व्यंगचित्र छापून आलं. त्यात दुचाकीच्या बगलेला बैठक जोडलेली होती. वाचक हसले असतील, पण काही आठवड्यांतच एन्फिल्ड गावच्या ग्रॅहम बंधूंनी तशाच वस्तूच्या पेटंटसाठी अर्ज केला. (आपल्या बुलेटच्या घराण्याचं नावही त्याच गावातल्या बंदुकांच्या सरकारी कारखान्यावरून आलं, हा योगायोग मी पाहुण्यांना उगाचच खालच्या आवाजात सांगतो.) पुढे 1922 मध्ये ब्लॅकपूलला दोन तरुणांनी ‘स्वॅलो’ नावाने साइडकारी बनवायला घेतल्या. डबे घडवता घडवता ते मोटारींची अंगं घडवू लागले, मग अख्ख्या मोटारी, आणि तीच कंपनी जॅग्वार झाली. 2008 पासून ती टाटांची आहे. म्हणजे मुंबईच्या एका घराण्याच्या आलिशान मोटारीच्या पणजीने साइडकारमध्येच बसून संसार सुरू केला. श्रीमंत घराणी सहसा असे आजोळ सांगत नाहीत.

आपल्याकडे साइडकारचे दिवस आले ते स्कूटरबरोबर. लॅम्ब्रेटा किंवा बजाज घेणाऱ्या घराला दुसरं मूल झालं की डावीकडे डबा यायचा. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या काही वर्षांत हे डबे अंगणाच्या कोपऱ्यात तुळशीला सोबत करू लागले. मिरजेला माझ्या आत्याकडे अशी हिरवट लॅम्ब्रेटा होती. आतोबा चालवायचे, आत्या डब्यात, मांडीवर आतेभाऊ, पायाशी दळणाचा डबा. आतोबा एरवी मितभाषी, पण स्कूटर सुरू झाली की त्यांना बोलायची ऊर्मी यायची. त्यांचं तोंड वर, आत्याचे कान खाली आणि मध्ये इंजिन. मिरजेपासून सांगलीपर्यंत ते बोलत आणि आत्या मान हलवत असे. ती कशाकशाला हो म्हणत आली हे तिला कधीच कळलं नाही. त्यांच्या घरात फार भांडणं नव्हती, त्याचं श्रेय मी लॅम्ब्रेटाच्या सायलेन्सरला देतो.

आता आतोबा नाहीत आणि आत्या कोल्हापुरात आमच्याकडे असते. मागच्या सीटवर टांग टाकणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, हे कारण मी साइडकारसाठी घरात पुढे केलं. घरच्यांनी ते आदराने ऐकून घेतलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही.

डबा जोडणं हे बोल्ट आवळण्याचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने एक दुपार उद्यमनगरात काढावी. लेथच्या किरकिरीत, लोखंडाच्या किसात, मिस्त्री जमिनीवर पालथे पडलेले. गाडीच्या दोन्ही चाकांना लागून ॲल्युमिनियमचा एक लांब सेक्शन, डब्याच्या चाकाला लागून दुसरा, आणि दोहोंमधलं अंतर टेपने मोजायचं, पुढे आणि मागे. हे दोन सेक्शन समांतर असून चालत नाही, पुढच्या बाजूला ते जरासे जवळ यायला हवेत. त्याला टो-इन म्हणतात. मग ओळंबा सोडून बघायचं की बुलेट स्वतः सरळ उभी नाही ना, कारण तिने डब्यापासून किंचित बाहेर, उजवीकडे झुकलेलं असावं लागतं. सरळ जायचं असेल तर थोडं वाकडं उभं राहायचं, हा त्या शास्त्राचा गाभा. एक बोल्ट पाव आटा फिरवला की बाकी सगळी मापं रुसतात. ‘सायेब,’ मिस्त्री जमिनीवरूनच म्हणाले, ‘ही एका बैलाची बैलगाडी हाय. बैल सरळ जाणार, गाडी वडत ऱ्हाणार. तुमी मधी पडू नका.’

त्यांचं म्हणणं रस्त्यावर पटतं. ॲक्सिलरेटर पिळला की डबा मागे रेंगाळतो आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की डब्याला थांबायचं नसतं, तो पुढे धावतो आणि गाडी उजवीकडे वळू बघते. त्यात आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते, म्हणजे पुन्हा डावीकडे. शेकापच्या जुन्या जिल्ह्यात वाढल्यामुळे मला या कलाची सवय आहे, पण पन्हाळ्याच्या चढावर डाव्या वळणाला रिकामा डबा जमीन सोडून वर उचलला जातो तेव्हा तत्त्वज्ञान सुचत नाही. उपाय दोन: डब्यात वाळूचं पोतं ठेवायचं किंवा आत्याला बसवायचं. आत्याला हे कळल्यावर तिला अपमान वाटेल अशी भीती होती. ती प्रसन्न झाली. इतक्या वर्षांत आपल्या वजनाचा कुणाला तरी शास्त्रोक्त उपयोग आहे, हे तिने शेजारी दोन घरांत सांगितलं.

साइडकारवाल्याची गाडी कधी पूर्ण होत नाही. ओढ वाढावी म्हणून गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट एका दाताने लहान झालं, तेव्हा वेग आणखी घटला आणि मला बरंच वाटलं. डब्याला पितळी कडी आली, मग रेक्झिनची गादी, मग गुडघ्यांवर ओढायचं मेणकापडी पांघरूण. मागचा टायर मधोमध झिजून सपाट झालाय आणि त्याच्या दोन्ही कुशी नव्याकोऱ्या आहेत, कारण ही गाडी वळताना झुकतच नाही. हेल्मेटमध्ये आत्याचा अंबाडा मावेना, तर तिने वेणी घालायला सुरुवात केली. सत्तरी ओलांडलेली आत्या वेणी सोडून फाटकाशी उभी असते, तेव्हा मला किक मारायला जरा वेळ लागतो. डीकॉम्प्रेसर, काटा, किक, या क्रमात काहीतरी विसरल्यासारखं करावं लागतं.

मग मला इंटरकॉमचा ध्यास लागला. वर-खाली बसलेल्या दोन माणसांना बोलता यावं म्हणून हेल्मेटमध्ये बसणारी छोटी यंत्रं मिळतात. माझा बेत मात्र जुन्या वळणाचा होता: डब्याच्या पुढच्या पत्र्यावर पितळी जाळीचा स्पीकर, टेलिफोनच्या काळातला वाटेल असा. मिस्त्रींनी भोक पाडलं, वायर ओढली. आत्याने सगळं शांतपणे बघितलं.

‘हे कशाला रे?’

‘तुला माझं बोलणं ऐकू यावं म्हणून.’

‘नको बाबा,’ ती म्हणाली. ‘मग उत्तर द्यावं लागेल. आपलं तू बोल. मला काही कळत नाही, पण कुणीतरी वर बोलतंय एवढं कळतं, तेवढं पुरे.’

स्पीकर परत खोक्यात गेला. त्या भोकात आत्याने मिस्त्रींकडून एक हूक बसवून घेतला. पन्हाळ्याहून येताना त्याला करवंदांची, कधी नाचणीच्या पिठाची पिशवी लटकते आणि गाडी, मला तरी वाटतं, पुन्हा किंचित डावीकडे ओढते. मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, टो-इन परत बघायला लागंल, पुढच्या आठवड्यात आणा, आणि येताना आत्यास्नी पिशवीसकट घिऊन या, माप बसलेल्या माणसाचंच घ्यायचं असतंय.