बोलेरोची बोलती

आमच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला माणूस मुरबाडचा एसटी स्टँड मागे पडायच्या आत विचारायचा, "हा आवाज कसला?" मी उलट विचारायचो, "कोणता?" यात उर्मटपणा नव्हता. ते विचारून घ्यावंच लागे. पुढून कटकट होती, मागून चूं-चूं होतं, पोटाखाली खडखड होती आणि साठच्या पुढे काटा गेला की कुठूनतरी देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तसा घुमारा येई. मला स्वतःला यातलं काहीच ऐकू येत नसे. मी शिक्षक आहे. रोजचा आवाज न ऐकण्यावरच आमचा धंदा उभा आहे.

बोलेरो हे मुळात एका स्पॅनिश नाचाचं नाव, असा शोध चिरंजीवांनी लावला. आमच्या मिस्त्रींना तो पटला नाही. "नाचाचं मला नाय म्हाईत सर," ते म्हणाले. "जी लय बोले, ती बोलेरो."

ही गाडी बाजारात आली 2000 साली आणि तयार होते नाशिकला. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, म्हणजे शहापूर तालुक्यातून कसाऱ्याचा घाट चढला की आलाच. तेव्हा तिचं माहेर तसं जवळचं. आमची 2009 ची. 2523 सीसीचं डिझेल इंजिन, मागे पाटे आणि मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी. त्यांवर बसलेले पाहुणे आधी एकमेकांच्या गुडघ्यांना भेटतात आणि मग एकमेकांना. पहिला मालक पोल्ट्रीवाला होता. पावसात काचा बंद केल्या की त्याची आठवण अजून येते. पुढे जे जे बिघडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो. आठ वर्षं त्याने आणि सात वर्षं मी ग्रीसचा डबा लांबूनच पाहिला होता.

मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार हे मी लहानपणापासून ऐकतोय, आता माझे विद्यार्थी ऐकतात. माझी शाळा किन्हवलीच्या बाजूला, शहापूर तालुक्यात. म्हणजे रोज सकाळी मुरबाड, सरळगाव, किन्हवली आणि संध्याकाळी उलटं. गाडी एकच. 2024 साली तिची पंधरा वर्षं भरली आणि कल्याणच्या आरटीओत तिची साठीशांत करावी लागली. दक्षिणा आधी सहाशे होती, ती 1 एप्रिल 2022 पासून पाच हजार झालेली. वर पर्यावरण कर निराळा. तपासणी झाली आणि पाच वर्षांचं आयुष्य वाढवून मिळालं. घरी आल्यावर बायकोने तिला हळदकुंकू लावलं.

दुसऱ्याच महिन्यात श्रावण आला. रविवारी माळशेजला जायचं ठरलं. डब्यात पुऱ्या, थर्मासमध्ये चहा, मागच्या बाकड्यावर आत्या. टोकावडे गेलं, वैशाखरे आलं, डावी-उजवीकडे भातखाचरं हिरवीगार, समोर डोंगराच्या कड्यावरून दुधाच्या धारा. एवढ्यात बायको आनंदाने म्हणाली, "अहो, एक आवाज बंद झाला!"

तो फॅनबेल्टचा होता. पट्टा ओला झाला की किंचाळायचा, आता तुटून गप्प झाला होता. त्याच्यावर पाण्याचा पंपही चालतो, हे मला तापमानाचा काटा लाल रेघेला टेकल्यावर आठवलं.

गाडी थांबली ती नेमकी नाणेघाटाच्या पायथ्याशी. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात उतरलेला माल इथूनच बैलांच्या पाठीवर जुन्नरकडे चढत असे. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. जवळच जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. शिलालेखात यज्ञ आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाई आहेत, घोडे आहेत. चढणीच्या तोंडाशी बसलेल्या बैलाचं काय करावं, हे मात्र राणीने कुठे लिहिलेलं नाही. आत्याने पुऱ्यांचा डबा उघडला आणि म्हणाली, "इथूनही छान दिसतंय की!"

शेवटी ओतुरकडून कल्याणला निघालेल्या टोमॅटोच्या टेम्पोने आम्हाला दोरी लावली. इंजिन बंद असलं की ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जात्यासारखं. ताशी वीसच्या वेगाने, टोमॅटोकडे एकटक बघत, दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून मी मुरबाड गाठलं. इतक्या बारकाईने तो रस्ता मी आधी कधीच पाहिला नव्हता. माळशेज राहिलं ते राहिलंच.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मग खालून आवाज आला, "सर, गाडी ठेवून जा. दोन महिने."

"सकाळी साडेसहाला लागणार आहे."

खाली पुन्हा शांतता. "मग रोज एक एक करू."

अशी सुरुवात झाली. जुनी गाडी नवी करणारे हौशी लोक ती सुटी करून, पार्ट मांडून, वर्षभर गॅरेजात ठेवतात म्हणे. आमचा रोगी रोज सकाळी कामावर जाणारा होता. संध्याकाळी पोट उघडायचं, रात्री शिवायचं, सकाळी हजेरीला उभा करायचा. मिस्त्रींचा क्रम ठरलेला. "आधी हिला थांबाय शिकवू, मग वळाय, मग पळाय. दिसायचं लास्टला." चिरंजीवांकडेही यादी होती, ती नेमकी उलट्या क्रमाची. काळे रिम, मोठे टायर, छपरावर दिव्यांची रांग आणि पुढे लोखंडी बुलबार. बुलबारवर केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच बंदी सांगितली आहे, तो लावला तर आपटल्याचा धक्का गाडी न गिळता समोरच्या माणसाला देते, असं मी समजावलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. कंपनीने जे नोंदवून दिलंय त्यात मनमानी बदल करता येत नाही. तो म्हणाला, "बाबा, मग पोल्ट्रीचा वास कुठल्या कलमात बसतो?"

टायरवर मात्र बापलेकांत खरी चर्चा झाली, कारण त्यात गणित होतं. मूळ माप 215/75, पंधराचा रिम. त्याला हवे होते 235 चे. फळ्यावर मांडलं. व्यास 30 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम दीड सेंटिमीटर. मीटर 50 दाखवील तेव्हा गाडी 52 ने पळत असेल. "दीड सेंटिमीटर म्हणजे किती?" बायकोने विचारलं. मी बोटाने दाखवलं. "एवढ्यासाठी वीस-पंचवीस हजार?" चर्चा संपली. 215 चेच आले.

सुट्या भागांसाठी मी जेवढा फिरलो तेवढा गाडीने कधी फिरलो नाही. मुरबाडहून एसटीने कल्याण, कल्याणहून लोकलने कुर्ला. तिथे जुन्या गाड्यांचा जो बाजार आहे, त्यात शिरलं की माणसाला पुनर्जन्म पटतो. एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसती डोळ्यांसारखी हेडलाइटं, तिसऱ्यात छतापर्यंत बॉनेटं उभी. आमच्या डाव्या बाजूचा पुढचा मडगार्ड म्हशीने वाकवलेला होता (म्हैस शाबूत आहे). तसाच एक मिळाला, रंग फक्त हिरवा. तो घेऊन मालडब्यात चढलो. घाटकोपरपर्यंत सगळे माझ्याकडे बघत होते, ठाण्यापासून सल्ले द्यायला लागले. कल्याणला एसटीत चढताना कंडक्टरने आधी मडगार्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बाकीची गाडी मागून येतेय का?"

तळाचा पत्रा ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि मुलांच्या बुटांना चिखल. तो रबरी मॅटखाली साठतो, पाणी जायची भोकं बुजतात, आणि वरून मॅट चकचकीत दिसत असताना खाली पत्रा पापडासारखा होतो. मिस्त्रींनी मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो हातासकट आरपार गेला. पत्र्याचं काम शहापूरला, आग्रा रोडवर ट्रकांच्या बॉड्या दुरुस्त करणाऱ्याकडे, पण त्याला वेळ पुढच्या शनिवारी. तोवर आठवडाभर मी तशीच गाडी शाळेला नेली. पायाखालून रस्ता धावताना दिसायचा. डांबर कुठे संपतं, सिमेंट कुठे लागतं, सरळगावच्या पुढे कोणाचं शेण पडलंय, सगळं कळत होतं. खिडकीतून प्रवास करणारे फार मोठ्या भागाला मुकतात.

शहापूरच्या माणसाने आधी बॅटरीची वायर काढली. वेल्डिंगचा करंट चुकून वायरिंगमधून फिरला तर नसती लफडी. सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत नेला. "आता किती ठेवणार?" मी घाबरून विचारलं. "गाडी ठेवतो," तो म्हणाला. नवा तुकडा, मग प्रायमर, मग खालून काळा लेप. आधी लेप मारून गंज झाकणाऱ्यांना त्याने ज्या शिव्या दिल्या, त्या शिक्षकाला लिहिता येणार नाहीत. पण भोकं मोकळी ठेवायला त्याने चिरंजीवांना सायकलच्या स्पोकचा आकडा करून दिला. दर रविवारी तो भोकं साफ करतो. गाडीत केलेला पहिला अधिकृत 'बदल' तो.

दुसरा बदल दिव्यांचा. रात्री टोकावड्याच्या बाजूला आमचे दिवे काजव्याशी स्पर्धा करायचे. चिरंजीवांना निळे झगझगीत एलईडी हवे होते. वायरमनने मीटर लावला तेव्हा कळलं, बॅटरीतून बारा व्होल्ट निघतात आणि बल्बपर्यंत जेमतेम दहा पोचतात. बाकीचे सोळा वर्षांच्या वायरी आणि स्विच वाटेत खातात. त्याने मधे रिले टाकला, जाड वायर ओढली आणि साधे 60/55 वॉटचे नवे बल्ब लावले. उजेड असा पडला की त्या रात्री घराच्या भिंतीला रंग द्यायला झालाय, हे बायकोला दिसलं. त्याचा खर्च मी गाडीच्या हिशेबात धरलेला नाही.

आता आवाजांकडे वळतो. मला वाटत होतं, चार आवाज म्हणजे चार दुरुस्त्या. पण एक आवाज बंद केला की त्याच्या मागे उभा असलेला ऐकू येतो. पुढचे टाय रॉड बदलले, कटकट गेली. मग कळलं, क्लच सोडताना 'ठक्' होतंय. तो प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस. तो बदलला, तर घुमारा मोठा वाटायला लागला. मिस्त्री शेजारी बसले, डोळे मिटले. "डावीकडं वळवा. आता उजवीकडं." डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं आणि घुमारा वाढतो, म्हणजे बेअरिंग उजवं. तबल्याला कान लावावा तसे ते बसले होते. बेअरिंग बदललं. मग खडखड. ती सायलेन्सरचा क्लॅम्प निघाला, चाळीस रुपये. आणि शेवटी पाटे. ते सोडले, एकेक पान घासलं, ग्रीस भरलं, आणि टोकांना घातले रबराचे सायलेंट बुश. नावातच मौन असलेली ही वस्तू मला फार आवडली. दहावीच्या ब वर्गासाठी मिळते का, असं मिस्त्रींना विचारलंही.

दीड वर्षात हे सगळं झालं. मग एके सकाळी सरळगावच्या पुढे मला जाणवलं की मला काहीतरी ऐकू येतंय. गाडी बाजूला घेतली. ते माझं घड्याळ होतं.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा. मुरबाड-कर्जत रस्त्यावरचं हे गाव त्या दिवसांत माणसांनी आणि गुरांनी फुलून जातं. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्या, आणि मोठा बैलबाजार. बोलेरोला नवा पांढरा रंग लागून आठच दिवस झाले होते. घोंगडी घ्यायला म्हणून सगळे निघालो. गर्दीत जागा मिळाली ती बैलांच्या ओळीच्या टोकाला, एका खिल्लाऱ्याच्या शेजारी. दोघे पांढरेशुभ्र. फरक एवढाच की त्याच्या शिंगांना हिंगूळ होता.

पाठीमागून एक म्हातारबाबा आले. त्यांनी बैल पाहिला, मग त्याच नजरेने आमची गाडी. मडगार्डवरून हात फिरवला. चाकाला पायाने टोला दिला. वाकून पोटाखाली पाहिलं, पाटे दाबून पाहिले, आणि मला म्हणाले, "मास्तर, किती दाती?"

"सोळा वर्षांची," मी म्हणालो.

"म्हंजे जुळलेली." त्यांनी मान हलवली. "चालू करा."

केली. बाबांनी कान टेकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेजारचे दोन व्यापारीही येऊन उभे राहिले. "आवाज नाय," बाबा म्हणाले, आणि ते ऐकताना माझी छाती जी फुगली, ती बीएड झालो तेव्हाही फुगली नव्हती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली.

आधी चार बोटं दाबली. मग मूठ. मग पुन्हा दोन. बैलबाजारात भाव असा ठरतो हे मी ऐकून होतो, पण ही बोटं हजारांची का दहा हजारांची, हे कोणी शिकवलं नव्हतं. गणित शिकवतो मी. टॉवेलाखाली हात तसाच ठेवून हिशेब करत उभा राहिलो. बाबांनी आणखी एक बोट वाढवलं.

मागून बायकोचा आवाज आला. तो मला अजूनही स्पष्ट ऐकू येतो.

"अहो, हात बाहेर काढा आधी!"