पायरी क्रमांक शून्य

मे महिन्यात मुलाला रोबोटिक्सच्या शिबिराला घातलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात सुट्या भागांचा खोका आणि एक पुस्तिका पडते. खोक्यावर मुलं तुटून पडतात. पुस्तिकेची विमानं होतात, किंवा मधल्या सुट्टीत तिच्यावर वडापाव ठेवला जातो. ती कोणीतरी रात्री जागून लिहिली असेल, असा संशयही कुणाला येत नाही.

ती लिहिणारा माणूस आमच्या सोसायटीत राहतो. साठीच्या अलीकडचे, खिशाला टेस्टर अडकवलेले, जिना चढतानाही पायऱ्या मोजणारे. सगळे त्यांना सर म्हणतात. पूर्वी ते एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि तिथल्या एका यंत्राचं जाडजूड मॅन्युअल त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, अशी त्यांची ख्याती आहे. सुटे भाग आणायला ते बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जातात आणि सेन्सरबरोबर माहितीचा कागद मागतात. दुकानदार म्हणतो, "कागद कसला? चालतोय, घेऊन जा." सरांच्या मते देशाचं निम्मं नुकसान या "चालतोय, घेऊन जा"ने केलं आहे.

पहिल्या पायरीच्या आधी काहीतरी सांगायचं राहून गेलंय, ही शंका त्यांना झोपू देत नाही. पहिल्या आवृत्तीची सुरुवात अगदी साधी होती. "पायरी १ : अर्डुइनो बोर्ड लॅपटॉपला जोडा." यात काय चुकणार? पण किटमध्ये स्वस्तातला नॅनो बोर्ड होता आणि त्याला मोबाइलची केबल बसत होती. मुलांनी घरून केबली आणल्या. बोर्डावरचा दिवा लागला, पण लॅपटॉपला बोर्ड काही दिसेना. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच, हे ध्यानात येईपर्यंत मुलं घरी निघाली होती. दुसऱ्या आवृत्तीत "पायरी ० : केबल तपासा" आली. मग कळलं की अशा स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० नावाची चिप असते आणि काही लॅपटॉपांना तिचा ड्रायव्हर आधी घालावा लागतो. पायरी उणे एक. ड्रायव्हर घालायला परवानगी लागते, आणि लॅपटॉप असतो बाबांच्या ऑफिसचा. पायरी उणे दोन : "बाबांना पासवर्ड विचारून ठेवा." बाबांना तो माहीत नसतो, ऑफिसातल्या आयटीवाल्याला असतो. सर उणे तीनच्या तयारीला लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, असेच मागे गेलात तर पोराच्या बारशापर्यंत पोचाल."

वहिनींना हे बोलण्याचा अधिकार आहे, कारण सरांच्या लेखनाचं आदर्श पुस्तक त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं घेऊन लिहिलेलं ते पुस्तक सर स्वयंपाकासाठी वाचत नाहीत, तांत्रिक लेखनाचा नमुना म्हणून वाचतात. पाककृतींच्या जगातला एकच शब्द त्यांना खुपतो, तो म्हणजे "चवीनुसार". "अहो, कोणाच्या चवीनुसार? ज्यानं पदार्थ आधी कधी खाल्लाच नाही, त्यानं काय करायचं?" असं ते पोळी हातात धरून विचारतात. वहिनींनी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायला सांगितलं, तर अर्धवट वाजलेली शिट्टी धरायची की सोडायची, हे ते बाहेरच्या खोलीतून विचारून घेतात. वहिनी उत्तर देत नाहीत. भात मात्र नीट होतो. कसा, ते सरांना आजवर उमगलेलं नाही.

पुस्तिकेतलं इतिहासाचं प्रकरण हा त्यांचा हळवा कोपरा. कारेल चापेकचं १९२०चं नाटक, असिमोव्हचे १९४२चे तीन नियम, १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेला युनिमेट, असं सगळं सांगून झाल्याशिवाय मोटरला हात लावायचा नाही. माणसाला इजा करू नये हा पहिला नियम समजावत असताना मागून आवाज आला, "सर, पण याला अजून चाकंच नाहीत."

खरी परीक्षा होते ती काळ्या पट्टीवरून धावणाऱ्या रोबोची. पांढऱ्या कार्डशीटवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावतात. रोबोच्या पोटाखालचा सेन्सर अवरक्त किरण सोडतो. पांढरा कागद ते परत पाठवतो, काळी पट्टी गिळते, आणि त्यावरून रोबो डावीकडे वळायचं की उजवीकडे ते ठरवतो. सरांनी हा प्रयोग घरी, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली केला आणि निःशंक मनाने लिहिलं, "रोबो आता पट्टीवरून धावेल." शाळेत सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन येत होतं. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे सेन्सरला काळी पट्टीही पांढरीच दिसू लागली आणि सगळे रोबो पट्टी सोडून वाट फुटेल तिकडे गेले. एक तर मुख्याध्यापिकांच्या टेबलाखाली. पुढच्या आवृत्तीत "पडदे ओढून घ्या" आलं. त्या शाळेला पडदे नव्हते. त्यापुढच्या आवृत्तीत "पडदे नसल्यास सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावा" आलं. तोवर तिथल्या एका पोरानं रोबोवर आपली टोपी धरली होती आणि तो वाकून तिच्यासह पट्टीभर चालत गेला होता. रोबो अचूक धावला. सरांनी ते वहीत टिपलं, पण पुस्तिकेत घेतलं नाही. त्यांच्या मते ते शास्त्रीय नव्हतं. मला तर त्यापेक्षा शास्त्रीय काही त्या शिबिरात दिसलं नाही.

सिमोर पेपर्टनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं आणि लेगोनं १९९८ साली आपल्या रोबोच्या संचाला तेच नाव दिलं, हे सर येता-जाता सांगतात. मुलाचा प्रोग्रॅम चुकला तर ती चूक शोधण्यातच त्याचं शिकणं असतं, हे पेपर्टांचं म्हणणं त्यांना मनापासून पटतं. त्यावर ते मान डोलावतात आणि लगेच पुढच्या पानावर ती चूक होऊ नये म्हणून लाल चौकट आखतात. लेगोची जोडणीची पुस्तिका पाहून मात्र ते गप्प झाले. जवळजवळ शब्दच नाहीत, नुसती चित्रं! तशीच आपली काढायची म्हणून त्यांनी कितीतरी रात्री बसून तारांची चित्रं काढली. धन तार लाल, ऋण तार काळी, सिग्नलची पिवळी. शाळेनं खर्च वाचवायला त्याच्या साध्या झेरॉक्स काढल्या आणि सगळ्या तारा काळ्या झाल्या. त्या दिवशी वर्गात जळका वास आला. सरांनी शांतपणे खिडकी उघडली आणि वहीत लिहिलं : "तुटक रेघ, ठिपके, नागमोडी."

एकदा त्यांना हवा तसा विद्यार्थी मिळाला. सातवीतला, चष्मा लावलेला, पुस्तिका पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचणारा. सर त्या दिवशी फार खुशीत होते. बाकीची मुलं मोटरी गरगरवायला धडपडत होती, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर त्या चालणार नाहीत असं चौकटीत लिहिलेलं असूनही त्यांना तीच लावत होती आणि मोटरी नुसत्या कण्हत होत्या. हा मुलगा मात्र हाताची घडी घालून बसला होता. तासाभरानं सर जवळ गेले. "काय रे, झालं का?" "नाही सर. पायरी अकरा. 'लाल दिवा लागेपर्यंत थांबा' असं लिहिलंय. थांबलोय." दिवा उलटा लागला होता. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा, त्याचा ऋण बाजूला गेला होता. तो पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबला असता तरी दिवा लागला नसता. शेजारच्या मुलीनं न वाचताच तो उपटला, फिरवला आणि खोचला. दिवा लागला. "अरे, पण तुला काहीतरी करून बघावंसं वाटलं नाही?" सरांचा आवाज चढला होता. मुलगा म्हणाला, "तसं लिहिलेलं नव्हतं, सर." त्या संध्याकाळी सर आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि पुस्तिकेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. असं पहिल्यांदाच घडलं.

छपाई परवडत नाही म्हणून ते शिबिर संपताना पुस्तिका परत गोळा करतात आणि पुढच्या तुकडीला देतात. यंदा नव्या करकरीत प्रती टेबलावर तशाच पडल्या होत्या आणि एका फाटक्या, तेलाचे डाग पडलेल्या जुन्या प्रतीसाठी मुलांची मारामारी चालली होती. सरांनी ती काढून घेतली. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. "पान ३ ते ११ सोडा." "चाक उलटं फिरलं तर मोटरच्या तारा अदलाबदल करा." "सरांना विचारू नका, पहिल्यापासून सांगतात." आणि शेवटी, "काहीच जमेना तर बोर्डावरचं छोटं बटण दाबा."

सरांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं. मला वाटलं, आता खोडतात. त्यांनी शेवटच्या ओळीखाली नीट अक्षरात लिहिलं, "बटणाचं नाव काय? ते किती वेळा दाबायचं?" आणि प्रत मुलांना परत दिली.

दुपारपर्यंत त्याखाली पेन्सिलीनं उत्तर आलं होतं. "रीसेट. चवीनुसार."